रसवंतीच्या चिपाडाचं हायड्रोलायझेट काळं पडतंय, कल्चर वाढतच नाही

कोपरखैरणे_एमएस्सी:
नमस्कार. माझा प्रकल्प उसाच्या चिपाडापासून लॅक्टिक ॲसिड करण्याचा आहे. वाशीतल्या एका रसवंतीवाल्या दादांकडून पिशवीभर चिपाड आणते, वाळवून मिक्सरला दळते. मग २ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ऑटोक्लेव्हला (लॅबचा मोठा प्रेशर कुकर) १२१ अंशांवर दीड तास. चोथा गाळून टाकून देते, द्रव, म्हणजे हायड्रोलायझेट, कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइड) पीएच ६ वर आणते आणि लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी हे लॅक्टिक ॲसिड करणारे जंतू सोडते. तीनदा केलं. द्रव कोऱ्या कॉफीसारखा काळा, झाकण उघडलं की कडू बदामाचा वास, आणि ४८ तासांनीही पीएच जागचा हलत नाही, म्हणजे ॲसिड होतच नाही. नुसत्या ग्लुकोजवर हेच कल्चर छान वाढतं. डीएनएसला (साखर मोजायची चाचणी) साखर भरपूर दिसते, मग खात का नाही? सबमिशनला पाच आठवडे उरलेत, रडू येतंय.

ऐरोलीचे_काका:
बाळा, तो वास फरफुरालचा. झायलोज, म्हणजे चिपाडातून सुटणारी एक साखर, ॲसिडमध्ये जास्त शिजली की तेच होणार, आणि ते जंतूंना मारक. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात फर्मेंटेशनमध्येच झाली, हा वास नाकाला पाठ आहे. पण मला खरा संशय तुझ्या चिपाडाचा. साखर कारखान्यात चरकावर पाणी मारून ऊस पुरता पिळून घेतात. रसवंतीच्या चिपाडात गोडवा बराच राहतो, त्यातलं फ्रुक्टोज ॲसिडमध्ये शिजून एचएमएफ हे फरफुरालसारखंच द्रव्य होतं, आणि तेही जंतूंना मारक. शिवाय दादा उसाबरोबर आलं-लिंबू पिळतात ते वेगळंच. दळल्यावर गरम पाण्याने धू, धुवणाचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं माप) शून्यावर येईपर्यंत. ॲसिड १ टक्का, वेळ अर्धा तास. कॉस्टिकऐवजी चुना वापर: पीएच १० पर्यंत चढव, अर्धा तास ठेव, खाली बसलेलं जिप्सम गाळ, मग ६ वर आण.

मुरबाडकर:
ताई, चोथा टाकू नका! सेल्युलोज म्हणजे तुमचं ग्लुकोज त्यातच आहे. धुतलेल्या चिपाडाच्या द्रवात मुख्यतः झायलोज उतरेल आणि डेलब्रुकी ती खात नाही. द्रवासाठी झायलोज खाणारा लॅक्टोबॅसिलस पेंटोसस मिळतो का बघा. आमच्याकडे भाताचा पेंढा असतो. आम्ही २ टक्के कॉस्टिकमध्ये अर्धा तास ऑटोक्लेव्ह करतो, सेल्युलोजला झाकणारं लिग्निन काळ्या पाण्यातून निघून जातं. मग नळाखाली पीएच ७ येईपर्यंत धुवायचं. मी सुरुवातीला पेंढा नंतर ओव्हनमध्ये वाळवायचो आणि महिनाभर साखरच कमी मिळाली. वाळला की छिद्रं मिटतात, सेल्युलेज (सेल्युलोज तोडून ग्लुकोज करणारं एन्झाइम) आत शिरत नाही. ओलाच फ्रीजमध्ये ठेवा. एन्झाइमला पीएच ५, ५० अंश. आणि पद्धतीत सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं रसायन) लिहिलेलं असेल तर ते अजिबात घालू नका, पुढे तुमचंच कल्चर मरेल.

कोपरखैरणे_एमएस्सी:
काका, पहिल्याच धुवणाचा ब्रिक्स ३ आला! शून्यावर यायला पाच पाणी लागली. मुरबाडकर दादा, चोथा तुम्ही सांगितला तसा कॉस्टिकमधून काढून ओलाच एन्झाइमला लावला. काल त्यातून निघालेल्या साखरेच्या पाण्यात डेलब्रुकी सोडलं, सकाळी फ्लास्क गढूळ आणि पीएच ६ वरून ४.४. आता पीएच फार उतरू नये म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घालून पुढची बॅच लावतेय. ॲसिडचा द्रव चुना मारून ठेवलाय, रंग चहासारखा आहे, वास जवळजवळ गेला. पेंटोसस मागवलाय.