मूल घरी परतल्यावर पुन्हा मारहाण होईल का, हे कशावरून ओळखावे?

प्रश्न (शाळा समुपदेशक)

तिसरीतील एका मुलाला वडील पट्ट्याने मारत असल्याचे गेल्या वर्षी आमच्या शाळेत लक्षात आले. प्रकरण बालकल्याण समितीपुढे गेले, मुलगा काही महिने आजीकडे राहिला आणि समितीच्या आदेशाने मागच्या सोमवारी घरी परतला. वडिलांनी समितीसमोर रडून माफी मागितली होती आणि ती मनापासूनची होती, असे मलाही वाटले. मात्र मुलगा आता शाळा भरण्याच्या पाऊण तास आधीच फाटकाशी येऊन बसतो आणि डब्यातली अर्धी पोळी कागदात गुंडाळून दप्तरात ठेवतो. विचारले तर ‘बहिणीसाठी’ एवढेच सांगतो. कोणत्या घरांत असे पुन्हा घडण्याचा धोका जास्त असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (बाल संरक्षणाच्या कामातील निवृत्त कार्यकर्ती)

ताई, त्या माफीपेक्षा मला ती अर्धी पोळी महत्त्वाची वाटते. या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा ब्रिटिश संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात चार गोष्टी पुन्हापुन्हा आढळल्या: पूर्वी किती वेळा अत्याचार झाला, मुलाची हेळसांड होते का, आईवडिलांमध्ये सतत भांडणे आहेत का आणि त्यांच्यापैकी कोणाला मानसिक आजार आहे का. ज्या मुलावर एकदा अत्याचार झाला आहे, त्याच्यावर तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सहापट असते आणि घटनेनंतरच्या पहिल्या तीस दिवसांत ती सर्वाधिक असते, असेही त्यात नोंदवले आहे. आपल्याकडे बहुधा उलटे होते. मारहाणीचे वळ दिसले की सगळे धावतात, पण मूल उपाशी आहे, धाकट्या भावंडाला तेच सांभाळते आहे, याकडे ‘गरिबी आहे’ म्हणून कानाडोळा केला जातो. माझ्या अनुभवात मूल घरी परतल्यानंतरचे दिवसही तितकेच नाजूक असतात, म्हणून गृहभेट पुढच्या महिन्यावर ढकलू नका, याच आठवड्यात करून घ्या.

प्रतिसाद २ (वकील)

वरच्या ताईंशी मी सहमत आहे, फक्त एक सावधगिरी सुचवतो. गरीब घरांवर अंगणवाडी, शाळा आणि सरकारी दवाखाना यांची नजर असते, तर बंद फ्लॅटमधले मूल कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते. त्यामुळे नोंदी कुठे जास्त आहेत, एवढ्यावरून धोका कुठे जास्त आहे हे ठरवता येत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या पाहणीत कुटुंबात मारहाण सोसलेल्या मुलांपैकी 88.6 टक्के मुलांना आईवडिलांनीच मारले होते, आणि ही पाहणी काही फक्त झोपडपट्टीतली नव्हती. शिवाय, बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे घरातल्या घरात समेट घडवून आणण्याला वाव नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचे आभार. आज मुलाशी चित्रे काढत बोलले. वडिलांनी दारू सोडलेली नाही, आईलाही मार बसतो आणि आई कामावर गेली की दोन वर्षांची बहीण त्याच्याच जबाबदारीवर असते. लवकर शाळेत का येतोस, असे विचारल्यावर ‘बाबा उठायच्या आत निघतो’ असे तो म्हणाला.

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ लिहिणाऱ्याच)

मग आजच तारीख घालून, मुलाच्या शब्दांतच हे लिहून जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि बालकल्याण समितीला द्या. तातडीची मदत लागली, तर 1098 वर फोन करा. अर्जात बहिणीचा उल्लेख आवर्जून करा, कारण मूळ प्रकरण एकाच मुलाच्या नावाने चालले असेल, तर त्या घरात आणखी एक लहान मूल आहे, हे कदाचित कोणी विचारातच घेतले नसेल. आईला मात्र मुलांसमोर किंवा नवऱ्यासमोर काही विचारू नका. ती कामावर असते त्या ठिकाणी, एकटी असताना भेटा.