अनुभव धागा : “तुम्ही तिकडचे ना?”

पुण्यात नोकरी लागल्यावर मी खोली पाहायला गेले होते. घरमालकीणबाईंनी चहा दिला, भाडे ठरले, किल्लीही हातात आली आणि मग त्यांनी गाव विचारले. ‘बीड’ म्हणताच ती खोली पुतण्यासाठी राखून ठेवली असल्याचे त्यांना आठवले. किल्ली बशीशेजारी ठेवून मी निघाले. असे प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आले असतील, म्हणून हा धागा काढत आहे. एक विनंती : आपल्याला कोणी तोलले एवढेच लिहू नये, आपण कोणाला तसे तोलले असेल तर तेही लिहावे. व्यक्ती, शाळा आणि कार्यालये यांची नावे टाळावीत.

लातूरकर

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा मी मुंबईत होतो. “आज आंघोळ करून आलास का?” हा विनोद कार्यालयात पुढे वर्षभर पुरला. हसणाऱ्यांत मीही असे, हे कबूल करतो.

ऊसतोड कामगाराची मुलगी, पाटोदा तालुका

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, ती अंगमेहनतीने फेडायची, असा हा व्यवहार आहे. एखादा कोयता उचल बुडवून गेला, तर पुढच्या हंगामात “बीडवाले पैसे घेऊन पळतात” असे ऐकावे लागते ते आलेल्या सगळ्या टोळीला. वजनात किंवा हिशेबात मजुराचे पैसे कापणाऱ्यांच्या जिल्ह्याचे नाव मात्र कोणी काढत नाही. कोपीपासून, म्हणजे आमच्या हंगामी झोपडीपासून, जवळच्या गावात मी मीठ आणायला जात असे. मला पाहून एक आजी नातवाला म्हणाल्या, “टोळी उतरली रे, कोंबड्या आत घे.” मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि माझ्या मुठीत मिठाचे पैसे होते. आज मी परिचारिका आहे. रुग्णाने गाव विचारले की उत्तर देण्याआधी क्षणभर थांबते. ती सवय गेलेली नाही.

परभणीहून

“तुमचे मराठी फार चांगले आहे हो!” ही दाद मला आयुष्यभर मिळत आली आहे. आमच्या सात पिढ्या याच जिल्ह्यात गेल्या, मी मराठी शाळेत शिकलो, तरी माझे नाव ऐकल्यावर माझे मराठी हे कौतुकाचे ठरते. ते मी हसून घेतो. हसता येत नाही ते १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, आसपास. ध्वजवंदनाहून परतताना एकदा सहकाऱ्याने पाठीवर थाप मारून “काय रझाकार!” म्हटले. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूने लढणारी सशस्त्र संघटना. मुक्तिसंग्राम मलाही प्रिय आहे. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांची हत्या केली, हे मी त्या सहकाऱ्याला सांगितले. तो म्हणाला, “अरे, गंमत केली.” गंमत हा शब्द आला की पुढे बोलायला जागाच उरत नाही.

निवृत्त शिक्षिका

दुसऱ्या प्रकारचे अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते. सहलीच्या वर्गणीचा लिफाफा सापडेना, तेव्हा मी पाचवीच्या वर्गात एकाच मुलाचे दप्तर टेबलावर उपडे केले. तो पारधी वस्तीवरून येत असे. दप्तरातून एक अर्धी पेन्सिल, फडक्यात बांधलेली भाकरी आणि रबर लावून जपलेली एसटीची जुनी तिकिटे निघाली. लिफाफा दुपारी माझ्याच हजेरीपटात सापडला. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि माझा जन्म त्यानंतरचा. तरीही बेचाळीस मुलांमधून माझा हात नेमका त्याच दप्तराकडे गेला होता. दुसऱ्या दिवसापासून तो रोज शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी येई, न सांगता दप्तर उघडून दाखवी आणि मग घरी जाई. पहिल्या दिवशीच “नको रे” म्हणायला हवे होते. मला ते म्हणायला आठवडा लागला.

शेतकरी, हिंगोली

बाईंचे पटते, पण माझी विहिरीवरची मोटर खरोखरच चोरीला गेली होती. नुकसान झालेल्या माणसाने संशयही घेऊ नये काय? मी पोलिसांना वस्तीचेच नाव सांगितले. दोघांना उचलले आणि चार दिवसांनी सोडले. मोटर मिळाली नाही. त्या वस्तीवरच्या बाया पूर्वी माझा कापूस वेचायला येत, त्या आता येत नाहीत. चोर कोण होता, ते आजही मला माहीत नाही.

धागाकर्ती

दादा, संशय घ्यावा. पण तुम्ही माणसाचे नाव सांगितले नाही, वस्तीचे सांगितले. बाई, एक विचारू का? आपण त्या मुलाची माफी मागितली होती का?

निवृत्त शिक्षिका

मागितली. व्हरांड्यात, तो एकटा असताना. झडती मात्र सगळ्या वर्गासमोर घेतली होती.