अमेरिकेतलं गणित सोपं? ट्रॅक कुठला ते बघा

बरेचदा म्हटलं जातं की आपल्या बारावीच्या मानाने अमेरिकेतलं हायस्कूलचं गणित अगदीच सोपं असतं. अर्धंच पटलं. आपल्याकडे सायन्सला गणित घेतलं की सगळ्यांना एकच पुस्तक, तिकडे एकाच इयत्तेतली मुलं वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे गणिताच्या सोप्या-अवघड वाटांवर, कोणी अल्जेब्रा २ वरच थांबतं तर कोणी एपी कॅल्क्युलस बीसीपर्यंत (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) जातं, आणि बीसीत टेलर सिरीज (फंक्शन अनंत पदांच्या बेरजेत मांडण्याची पद्धत) असते जी आपल्या बारावीत नाहीच.

भाचीला याच बीसी कोर्सच्या परीक्षेची तयारी करून देताना मला खरा फरक कळला. टाकीत पाणी भरण्याचा आणि गळण्याचा दर दिलेला, प्रश्न असा की ५ व्या मिनिटाला पाणी वाढतंय की कमी होतंय, कारण द्या. मी आकडेमोड करून 'वाढतंय' लिहून मोकळा झालो, तर ती म्हणाली मामा, भरण्याचा दर गळण्यापेक्षा जास्त आहे हे लिहिल्याशिवाय मार्क नाही मिळणार. लेखी ६ प्रश्नांपैकी २ ना ग्राफिंग कॅल्क्युलेटर (आलेखही काढणारा) चालतो, म्हणजे मुद्दा आकडेमोडीचा नाहीच. मी बारावीला शेकडो इंटिग्रल्स सोडवली, पण त्या उत्तराचा अर्थ काय हे एका वाक्यात लिहायला मला कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.