ठिबकच्या जुन्या नळ्यांचं तेल डिझेल गाडीत चालेल का?

यावल_केळी: रामराम मंडळी. जुन्या लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) वेटोळी बांधावर पडून आहेत आणि भंगारवाला भाव पाडून मागतो. बंद भट्टीत तापवल्या तर तेल निघतं म्हणतात. ते बीएस-६ गाडीत थेट भरता येईल? की निम्मं डिझेल मिसळून?

भट्टी_जळगाव: तेल निघतं, हे खरं. लॅटरल म्हणजे पॉलिथिलीन. हवा बंद ठेवून ४०० ते ४५० अंशांवर तापवलं की लांब साखळ्या तुटतात, वाफ थंड केली की तेल. पण साखळी कुठेही तुटते, म्हणून त्यात पेट्रोलसारखा हलका भाग, डिझेलसारखा मधला आणि मेण, सगळंच एकत्र येतं. हलक्या भागामुळे ते पटकन पेट घेतं. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की मेण फिल्टरमध्ये थिजतं. मधला भाग वेगळा काढला तरी त्यात ओलेफिन (दुहेरी बंधाचे, पटकन बिघडणारे रेणू) उरतात, आणि साठवणीत त्यांचा डिंक होतो. कॉमन-रेल इंजेक्टरची (जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या तोटीची) भोकं मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. डिंक नेमका तिथेच बसतो. रिफायनरीत हे ओलेफिन हायड्रोजनच्या दाबाखाली घालवतात. शेडमध्ये ते जमणार नाही.

सबमेनच्या (लॅटरलला पाणी पुरवणाऱ्या जाड) पाइपचे तुकडे तर चुकूनही घालू नका. ते पीव्हीसी, वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन. तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरची नळी खाऊन टाकते. आणि गरम भट्टीचं झाकण उघडलं, आत हवा शिरली, की स्फोट.

पंपवाला_धुळे: भाऊ, निम्मं मिसळलं तरी डिंक आणि मेण जातात कुठे? त्यात बाजारात टायरचं तेलही प्लास्टिकचं तेल म्हणून खपवतात. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत दहा) चालतं, टायरच्या तेलात त्याच्या शेकडो पट असतं. सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट त्यानं निकामी होतो. चुकून भरलंच असेल तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकीतला पंप तेवढ्यानं सुरू होतो. आधी टाकी रिकामी करा.

यावल_केळी: मग दक्षिण आफ्रिकेत कृत्रिम तेलावर गाड्या कशा धावतात?

भट्टी_जळगाव: तिथे १९५५ मध्ये सासोलबर्ग गावात कोळशापासून इंधन करायला सुरुवात झाली; आता ते काम सेकुंडाला चालतं. आधी कोळशाचा वायू, तो शुद्ध करायचा, मग उत्प्रेरकावरून नेऊन तेल. ही फिशर-ट्रॉप्श पद्धत जर्मनीत १९२५ च्या सुमारास निघाली. गंधक वायूतच काढलेलं असतं आणि पुढे पूर्ण रिफायनरी आहे. नळ्यांसाठी सोपा मार्ग: माती-क्षार धुवा, जोडण्या कापून वेगळ्या काढा, वाळवून गठ्ठे बांधा आणि प्लास्टिकचा दाणा करणाऱ्याला थेट द्या. निवडलेल्या मालाला भंगारापेक्षा बरा भाव मिळतो.