मदत हवी आहे: उजेडाचा दिवा घेऊन महिना झाला, काडीचा फरक नाही

शिरोलीकर_बारा: पावसाळी उदासी जावी म्हणून हा दिवा घेतला, रोज न चुकता अर्धा तास समोर बसतोय. फरक शून्य. उलट चिडचिड वाढलीय, कशात मन लागत नाही, बायकोशी धड बोलवत नाही. पाऊस तर हटायचं नाव घेईना. दिवा बदलू का परत करू? लवकर सांगा, शनिवारनंतर परत घेत नाहीत.

चष्मेवाली: किती लक्सचा (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप), किती लांब ठेवता, कधी लावता? काहीच लिहिलं नाही.

शिरोलीकर_बारा: खोक्यावर १०,००० लिहिलंय. दिवा टेबलावर, मी खाटेवर. चार-पाच फूट असेल.

चष्मेवाली: खोक्यावरचा आकडा हातभर अंतराचा असतो. अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथाईवर येतो. तिथं तुम्हाला जेमतेम हजार-दीड हजार मिळत असणार. आणि वेळ?

रंकाळा_फेरी: दिवे कशाला विकत घेता राव! सकाळी रंकाळा तलावाला एक फेरी मारा. आभाळ भरलेलं असलं तरी उघड्यावर काही हजार लक्स असतात, घरात ट्यूबखाली दोन-तीनशे. वर ड जीवनसत्त्व फुकट.

चष्मेवाली: ड जीवनसत्त्व कातडीवर अतिनील किरण पडून तयार होतं. या दिव्यात ते किरण गाळलेले असतात, असायलाच हवेत. इथलं काम डोळ्यांतून चालतं. पडद्यातल्या काही पेशी मेंदूतल्या घड्याळाला उजाडल्याची वर्दी देतात.

रंकाळा_फेरी: तरी ड तपासून घ्याच. माझे गुडघे दुखायचे त्यानंच राहिले.

पेठेतला: गुडघ्याचं कोण विचारतंय? हे सगळं थंड देशांतलं. अमेरिकेत रोझेन्थाल आणि मंडळींनी १९८४ साली हिवाळी उदासीवर लिहिलं, तिथनं हे दिवे आले. आपल्याकडं डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा. उजेडाचं आपल्याला कुणी शिकवू नये, अंबाबाईचा किरणोत्सव बघा, मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात.

गगनबावड्याची_मावशी: ढग आले की किरणोत्सवालाही किरणं पोचत नाहीत, बाळा. आमच्याकडं जुलैत दिवस तेरा तासांचा, पण भर दुपारी बत्ती लावावी लागते. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, माणसाला बुरशी धरंल नाही तर काय.

पोल्ट्रीवाला: आम्ही अंड्यांच्या कोंबड्यांना सोळा तास उजेड देतो. अंडी वाढतात. स्वभावाचं माहीत नाही.

चष्मेवाली: अहो शिरोलीकर, वेळ!

शिरोलीकर_बारा: सकाळी साडेसात. ड्यूटीवरनं आलो की दिवा, मग आंघोळ, नाष्टा, झोप. ती पण लागत नाही हल्ली.

चष्मेवाली: ड्यूटीवरनं?? रात्रपाळी आहे?

शिरोलीकर_बारा: फाउंड्रीत आहे. एप्रिलपासून सलग नाईट. त्याचा काय संबंध?

चष्मेवाली: आता कपाळ बडवून घेऊ का? झोपायच्या तोंडावर तुम्ही मेंदूला सांगताय, उजाडलं, ऊठ. झोपेचं मेलाटोनिन त्यानं दबतं. बरं झालं दिवा लांब होता! रात्रपाळीला भरपूर उजेड पाळीच्या पहिल्या निम्म्यात घ्यायचा, पहाटेपासून कमी करायचा. घरी येताना गडद गॉगल, खोलीत मिट्ट काळोख.

पेठेतला: झोपेत असलेल्या माणसानं गॉगल लावून पावसात हायवेवर गाडी मारायची? आपटंल तो.

चष्मेवाली: बरोबर, गाडी स्वतः चालवत असाल तर गॉगल नको.

शिरोलीकर_बारा: कंपनीची बस आहे.

चष्मेवाली: मग लावा. आणि दिव्याच्या नादात डॉक्टर टाळू नका. महिनाभर कशात मन लागत नाही, हे दाखवायचं दुखणं आहे. पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके आले असतील किंवा डोळ्यांचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय दिवा लावायचाच नाही.

रंकाळा_फेरी: आणि ड.

शिरोलीकर_बारा: खिडकीला बायकोची जुनी सोलापुरी चादर मारली. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. मग दिवा ठेवू का परत करू, ते कुणीच सांगितलं नाही.

पोल्ट्रीवाला: निम्म्या किमतीत देणार असला तर माझ्या शेडला चालंल.