लाँचरच्या मागे एकच रेट्रोआर्च ठेवायचा की प्रत्येक कन्सोलला वेगळा इम्युलेटर?

पिक्सेलवेडा:
माझं मत स्पष्ट आहे, लाँचर, म्हणजे सगळे गेम एका यादीत दाखवून सुरू करणारा प्रोग्रॅम, लावताय तर मागे रेट्रोआर्च एकच ठेवा. त्यात प्रत्येक कन्सोलचा इम्युलेटर, म्हणजे त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम, 'कोअर' म्हणून बसतो. मी लाँचबॉक्स या लाँचरमध्ये परवा सगळं पहिल्यापासून लावलं, सुपर निन्टेंडो, मेगा ड्राइव्ह, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स, प्लेस्टेशन, चारहींना इम्युलेटर तोच, फक्त प्रत्येक प्लॅटफॉर्मसमोर कमांड लाइनमध्ये डॅश एल आणि पुढे त्या कोअरच्या फाइलचं नाव. झालं. कंट्रोलर एकदाच मॅप केला. बाहेर पडायचं कॉम्बिनेशन सगळीकडे तेच. वेगवेगळे इम्युलेटर घेतले की दर वेळी नवी मेनू, नव्या हॉटकी, आणि खेळायचं सोडून माणूस सेटिंगमध्येच अडकतो.

टर्बोबटन:
पटत नाही. चारही जुनी कन्सोल घेतलीस म्हणून सोपं गेलं. गेमक्यूब आणि पीएस२ वर ये, मग बोलू. गेमक्यूबचा इम्युलेटर डॉल्फिन, त्याचा कोअर बराच काळ मूळ डॉल्फिनच्या मागे राहिला, पीएस२ च्या पीसीएसएक्स२ ची नवी सुधारणाही आधी मूळ प्रोग्रॅममध्ये येते. एखादा गेम अडखळला की चूक कोअरची की इम्युलेटरची हेच कळत नाही. आणि लाँचरला काय फरक पडतो? त्याला फक्त कमांड द्यायची असते. डॉल्फिनला डॅश बी डॅश ई दे, गेम बंद झाला की तो स्वतःही बंद होतो आणि तू परत लाँचरमध्ये.

पिक्सेलवेडा:
बंद होतो खरा, पण आधी 'थांबवायचं का' म्हणून खिडकी उघडतो ना! सोफ्यावर बसून हातात कंट्रोलर, आणि ओके दाबायला उठून माउस शोधायचा.

टर्बोबटन:
इंटरफेसच्या सेटिंगमध्ये 'कन्फर्म ऑन स्टॉप' असतं, त्याची टिक काढायची. एक मिनिटाचं काम. एवढ्यासाठी अख्खा इम्युलेटर नाकारू नकोस.

डिस्क_दोन:
तुमच्या दोघांच्या वादात खरी अडचण बाजूलाच राहिली. नवीन माणूस अडकतो तो गेम निवडल्यावर, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लाँचर समोर. काही मेसेज नाही, काही नाही. माझं दोन रात्री हेच चाललं होतं. कारण निघालं बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारी तिच्यातली मूळ फाइल. स्वतःच्या प्लेस्टेशनमधून काढलेली एससीपीएच५५०१ ही बायोस फाइल मी गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, प्लेस्टेशनचा बीटल पीएसएक्स कोअर ती रेट्रोआर्चच्या सिस्टम फोल्डरमध्ये शोधतो, आणि लिनक्सवर नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरंही जुळावी लागतात. रेट्रोआर्च सरळ उघडून कोअर इन्फर्मेशनमध्ये गेलो तर तिथे त्या फाइलसमोर 'मिसिंग' लिहिलेलंच होतं!! म्हणून माझं म्हणणं, एकच ठेवा किंवा दहा ठेवा, पण आधी प्रत्येक इम्युलेटरमध्ये गेम लाँचरशिवाय चालवून बघा. तिथे चालला आणि लाँचरमधून नाही, तर दोष कमांडमध्ये आहे, बहुतेक वेळा पाथमध्ये स्पेस असते आणि भोवती अवतरण चिन्हं नसतात.

आणि हो, दोन-तीन डिस्कचा गेम असेल तर एम३यू फाइल बनवाच. साधी टेक्स्ट फाइल असते, एकेका ओळीवर एकेका डिस्कच्या फाइलचं नाव. डिस्क वेगवेगळ्या ठेवल्या तर बीटल पीएसएक्समध्ये मेमरी कार्ड गेमच्या फाइलच्या नावाने बनतं, म्हणजे दुसरी डिस्क लावली की कार्ड कोरं आणि पहिल्या डिस्कचा सेव्ह सापडतच नाही. चाळीस तास खेळलेल्या माणसाला तेव्हा काय वाटतं ते मला विचारा.

टर्बोबटन:
हे शंभर टक्के बरोबर. अजून एक, सेव्ह स्टेटवर, म्हणजे इम्युलेटरने त्या क्षणी जतन केलेल्या स्थितीवर, विसंबू नका. कोअर अपडेट झाला की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. गेमच्या आतला सेव्ह टिकतो. एका क्लिकवर सगळे कोअर अपडेट होतात ही सोय म्हणतात, मला तीच भीती वाटते.

पिक्सेलवेडा:
मग मी अपडेट करतच नाही, चालतंय ते चालू दे. पण गेमक्यूबचं तुझं म्हणणं मान्य, काल रात्री डॉल्फिन वेगळा लावून बघितला, फरक दिसतो. लाँचबॉक्समध्ये त्या एका प्लॅटफॉर्मला तो डिफॉल्ट केला, बाकी सगळं रेट्रोआर्चवरच.

टर्बोबटन:
मग पीएस२ पण वेगळा कर ना.

पिक्सेलवेडा:
करतो. पण प्लेस्टेशन एक हलवणार नाही, रन-अहेड ही बटनाचा उशीर कमी करणारी सोय चालू करून खेळलोय, बटन दाबलं की उडी लगेच लागते. ते सोडून दुसरीकडे जायचं मनच होत नाही.

टर्बोबटन:
डकस्टेशन या प्लेस्टेशनच्या वेगळ्या इम्युलेटरमध्ये पण आहे ते.

डिस्क_दोन:
हलवलंच तर आधी मेमरी कार्डची कॉपी काढून ठेवा, मगच हात लावा.