मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हात टिकणारा पॉवर सप्लाय कोणता?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ घरीच चादरी-टॉवेलांची जेकार्ड डिझाइनं करतो, त्याच्या पीसीसाठी एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, घ्यायचाय. प्रोसेसर रायझन ५ ५६०० आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १७० वॅटचं. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. बजेट पाच हजारांपर्यंत.

खरी काळजी उन्हाची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर, खोलीत एसी नाही, कॅबिनेटच्या आत तर आणखी जास्त. काही सप्लायचं वॅटेज ४० अंशांना धरून दिलेलं असतं, काहींचं ५० अंशांना. ५० वालाच घ्यावा असं मला वाटतं. ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतले कपॅसिटर कसे आहेत ते नाही. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर पैसे टाकायचे नाहीत.

कॉर्सेअर सीएक्स, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ब्रॉन्झ, डीपकूल पीके ही नावं काढून ठेवलीत. यातला कोणता कुणी आपल्याकडे दोन-तीन उन्हाळे वापरलाय का? कॅबिनेटसोबत मिळणारा बिननावाचा सप्लाय मुळीच नको. तो जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो, आणि भावाचं सगळं काम त्या मशीनवर आहे.

वॉरंटीत बदलून घ्यायचा झाला तर सोलापुरातच जमा करतात की पुण्याला पाठवावा लागतो? शिवाय लाइट सारखी जाते. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज नीट खेचायला आत खास सर्किट असलेले) सप्लाय काही साध्या यूपीएसवर बॅटरीला जाताना बंद पडतात, तेव्हा तुमच्याकडे कोणती जोडी नीट चालतेय तेही कृपया सांगा.